ईईजीची फाइल लोड होते पण प्लॉट सपाट येतो, तेव्हा आधी काय बघायचं

प्रश्न असा आलाय: हॉस्पिटलच्या ईईजी (मेंदूच्या विद्युत लाटांची नोंद) रूममधून एक ईडीएफ फाइल (अशा रेकॉर्डिंगचा एक फॉरमॅट) मिळाली, पायथनमध्ये एमएनई ही ईईजीसाठीची लायब्ररी वापरून लोड केली, एरर काही नाही, पण स्केल ऑटो ठेवलं की सगळ्या रेषा सपाट दिसतात आणि ऑटो काढलं की नुसती काळी गिचमिड, एक लाट धड दिसत नाही. तर ताई, फाइल खराब आहे का, आणि एमएनई सोडून मॅटलॅबवरच्या ईईजीलॅबकडे जाऊ का?

सोडू नकोस. फाइल बहुतेक ठीकच असणार. मी आधी बरीच वर्षं टेक्निशियन म्हणून डोक्यांना इलेक्ट्रोड लावले आणि नंतर ॲनालिसिसकडे आले, आणि नवीन मुलामुलींचं गाडं जिथे अडतं ती जागा जवळजवळ नेहमी हीच असते. फाइल लोड झाली म्हणजे आकडे आले एवढंच. ते आकडे कुठल्या युनिटमध्ये आहेत, कुठल्या चॅनेलचे आहेत, त्या वेळी पेशंट काय करत होता, हे सगळं त्याच फाइलमध्ये आकड्यांच्या शेजारी लिहिलेलं असतं, आणि ते नीट आलंय का हे कोणी बघत नाही, सगळ्यांना थेट प्लॉट हवा असतो.

ईडीएफ हा फॉरमॅट १९९२ चा, झोपेची रेकॉर्डिंग एका लॅबमधून दुसरीकडे देता यावीत म्हणून केलेला, आणि २००३ मध्ये त्याचं ईडीएफ प्लस आलं ज्यात टेक्निशियनच्या नोंदीही बसतात. रचना अगदी साधी आहे. सुरुवातीला २५६ बाइटचं हेडर, मग प्रत्येक चॅनेलसाठी आणखी २५६ बाइट, म्हणजे २५ चॅनेल असतील तर ६६५६ बाइट नुसती माहिती, आणि त्यानंतर सगळे आकडे १६ बिटचे पूर्णांक. हे पूर्णांक म्हणजे मायक्रोव्होल्ट नव्हेत हं. हेडरमध्ये प्रत्येक चॅनेलचं डिजिटल किमान-कमाल आणि फिजिकल किमान-कमाल दिलेलं असतं, त्या दोन्हींची सांगड घालून सॉफ्टवेअर खरा व्होल्टेज काढतं. समजा डिजिटल -३२७६८ ते ३२७६७ आणि फिजिकल साधारण -३२७६.८ ते ३२७६.७ मायक्रोव्होल्ट, तर एक पायरी ०.१ मायक्रोव्होल्टची. आता हेडरमधलं युनिट जर चुकलं किंवा मशीनच्या एक्सपोर्टने तो रकाना रिकामाच सोडला तर? एमएनई सगळं व्होल्टमध्ये ठेवतं, आणि युनिट सापडलं नाही तर आकडे व्होल्टच आहेत असं धरून चालतं. मग ३० मायक्रोव्होल्टची लाट ३० व्होल्टची होऊन बसते, दहा लाख पटीने मोठी.

म्हणून प्लॉटच्या आधी एक छोटी गोष्ट कर. एक चॅनेल घे, ओ१ किंवा सी३ (डोक्यावरच्या जागांची नावं) कुठलाही, त्याचा शांत असा दहा सेकंदांचा तुकडा काढ, त्याची सरासरी वजा कर आणि स्टँडर्ड डेव्हिएशन बघ, मग दहा लाखाने गुण. जाग्या मोठ्या माणसाचा ईईजी असेल तर उत्तर साधारण १० ते ५० च्या आसपास यायला हवं. काही कोटी आलं तर युनिट हरवलंय, लोड करतानाच युनिट्सच्या जागी मायक्रोव्होल्ट सांग. उलट ०.००००३ असलं काही आलं तर कोणीतरी आधीच एकदा दहा लाखाने भागलंय. मॅटलॅबमधून आकडे काढून हाताने एमएनईत भरणाऱ्यांचं हे फार होतं, कारण ईईजीलॅब मायक्रोव्होल्टमध्ये ठेवतं आणि एमएनई व्होल्टमध्ये, दोघांची पद्धत आपापल्या जागी बरोबर आहे पण मध्ये आपण उभे असतो.

तुझ्या बाबतीत मात्र मला युनिटपेक्षा दुसराच संशय आहे. ऑटोला सपाट आणि ऑटोशिवाय गिचमिड, ही जोडी एकत्र आली की मी आधी चॅनेलची यादी वाचते. आपल्याकडच्या रूटीन ईईजीत डोक्यावरच्या इलेक्ट्रोडबरोबर ईसीजी असतो, फोटिकचा म्हणजे डोळ्यांसमोर लुकलुकणाऱ्या दिव्याचा चॅनेल असतो, कधी ऑक्सिजन सॅच्युरेशन, कधी डीसी नावाचे रिकामे इनपुट. एमएनई ईडीएफ उघडताना तू वेगळं सांगितलं नाहीस तर या सगळ्यांना ईईजीच समजतं. ऑटो स्केल काढताना ते एका प्रकारच्या सगळ्या चॅनेलचे आकडे एकत्र बघून त्यातल्या मोठ्या टोकाच्या जवळची किंमत धरतं, ९९.५ पर्सेंटाइल, आणि २५ चॅनेलमधला एकच जरी हजारोंच्या घरात असेल तरी तो एकटा ४ टक्के झाला, म्हणजे स्केल त्याच्या मापाचं ठरलं आणि बिचारे बाकीचे २४ झोपले. ही झाली तुझी सपाट रेषा. आणि ऑटो काढलंस की डिफॉल्ट २० मायक्रोव्होल्ट येतं, ते न गाळलेल्या क्लिनिकल रेकॉर्डिंगला फारच तंग पडतं, घामाने बेसलाइन हलतेय, त्यावर ५० हर्ट्झ मेन्सची म्हणजे वीजपुरवठ्याची झालर, सगळ्या रेषा एकमेकींवर चढतात. ही गिचमिड.

उपाय: सेट चॅनेल टाइप्स वापरून ईसीजीला ईसीजी सांग, फोटिक, सॅच्युरेशन आणि डीसीला मिस्क म्हणजे इतर सांग. मग प्लॉटला स्केलिंग स्वतः दे, ईईजीसाठी ७५ई-६ म्हणजे ७५ मायक्रोव्होल्टपासून सुरू कर आणि विंडोत प्लस मायनसच्या बटणांनी कमीजास्त कर. ड्युरेशन १० सेकंद ठेव, कारण न्यूरॉलॉजिस्टची पानं दहा सेकंदांची असतात आणि तुला पुढेमागे त्यांच्याशी बोलायचंय. हायपास १ आणि लोपास ४० हे प्लॉटलाच देता येतं. ते फक्त दाखवण्यापुरतं असतं, मूळ डेटाला हात लागत नाही, हे मला फार आवडतं. रॉ डॉट फिल्टर मात्र मूळ डेटाच बदलतं, म्हणून ते करायचं तर आधी कॉपी काढ.

अजून एक, ज्याने लोक घाबरतात. प्लॉटमध्ये मोठ्या लाटेचं टोक मध्येच तुटलेलं दिसतं, रेषाच गायब, आणि वाटतं तिथला डेटा गेला. गेलेला नसतो. एमएनई शेजारच्या रेषांवर जास्त आक्रमण होऊ नये म्हणून ठरावीक उंचीनंतर रेष कापतं, क्लिपिंगला नन (None) दे, पूर्ण लाट दिसेल. आणि नोटबुकमध्ये काम करत असशील तर तिथे नुसतं स्थिर चित्र येतं, त्यात स्क्रोल करता येत नाही, क्लिक करून चॅनेल बाद करता येत नाही, मग काय उपयोग. एमएनईचा क्यूटी ब्राउझर बसव आणि वेगळ्या विंडोत उघड. स्क्रिप्ट म्हणून चालवलीस आणि विंडो उघडून लगेच मिटली तर ब्लॉकला ट्रू दे. विंडोत प्रश्नचिन्हाचं बटण दाबलं की सगळे शॉर्टकट समोर येतात, ते एकदा शांतपणे वाच.

हे सगळं करण्याआधी फाइल एकदा ईडीएफब्राउझरमध्ये उघडून बघ असंही मी सांगेन. फुकट आहे, कोड लागत नाही, आणि फॉरमॅटच्या बाबतीत भयंकर काटेकोर आहे, हेडरमध्ये काही चुकीचं असेल तर फाइल उघडतच नाही आणि काय चुकलंय ते सांगतं. तिथे लाटा नीट दिसल्या तर फाइल ठीक, मग गडबड तुझ्या कोडमध्ये. दोन मिनिटांत निम्मा प्रश्न सुटतो.

आता फाइल कशी मागायची, कारण खरं काम तिथे आहे. बहुतेक मशीनचं सॉफ्टवेअर रेकॉर्डिंग स्वतःच्या फॉरमॅटमध्ये ठेवतं आणि ईडीएफ एक्सपोर्ट करताना बरेचदा स्क्रीनवर त्या वेळी जे मोंटाज (चॅनेलची मांडणी) लावलेलं असेल तेच देऊन टाकतं. म्हणजे एफपी१-एफ७, एफ७-टी३ असे बायपोलर, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधल्या फरकाचे चॅनेल. वाचायला न्यूरॉलॉजिस्टला तेच हवं असतं पण तुला नाही. रेफरन्शियल फाइल असेल, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोड एकाच ठरलेल्या रेफरन्सशी मोजलेला, तर वजाबाकी करून हवं ते बायपोलर तू कधीही बनवशील, बायपोलरवरून एकेका इलेक्ट्रोडचा मूळ व्होल्टेज परत मिळवता येत नाही, आणि डोक्याचा नकाशा काढायचा झाला तर एफपी१-एफ७ ठेवणार कुठे? म्हणून टेक्निशियनला नम्रपणे सांग, रेफरन्शियल मोंटाजमध्ये, सगळे फिल्टर आणि नॉच (मेन्सची झालर गाळणारा फिल्टर) काढून, ईसीजी आणि फोटिकसकट, पूर्ण रेकॉर्डिंग, कापलेलं नको. कापलेल्या फाइलमध्ये मधले तुकडे गेलेले असतात आणि प्लॉटमध्ये ते सलग आहेत असं वाटू शकतं, तेव्हा रेकॉर्डिंग सुरू आणि संपल्याची घड्याळातली वेळ विचारून घे आणि फाइलच्या एकूण लांबीशी ताडून बघ.

चॅनेलच्या नावांचा त्रास वेगळा. फाइलमध्ये ईईजी एफपी१-रेफ असं लांबलचक असतं आणि एमएनईच्या स्टँडर्ड १०-२० मोंटाजला (इथे मोंटाज म्हणजे डोक्यावरच्या जागांची यादी) नुसतं एफपी१ हवं असतं, शिवाय पी कॅपिटल की स्मॉल यावरही अडतं, मॅच केसला फॉल्स दे नाहीतर रीनेम कर. जुनी नावं टी३ टी४ टी५ टी६, नवीन टी७ टी८ पी७ पी८, जागा त्याच. आपल्याकडे दोन्ही चालतात आणि एकाच लॅबच्या दोन मशीनवर वेगवेगळी असू शकतात, दोन पेशंटचा डेटा एकत्र करताना हे आधी सारखं कर.

नोंदींबद्दल मला थोडं थांबून सांगायचंय. खूप मुलं ईडीएफ आधी सीएसव्हीत बदलून घेतात, सोपं जातं म्हणून. कृपया नको करूस. मी ॲनालिसिसला नवीन होते तेव्हा आमच्याकडे लहान मुलांच्या रेकॉर्डिंगचं काम होतं, मी सगळ्या फाइली सीएसव्ही करून घेतल्या, कुठल्या हर्ट्झला किती जोर आहे ती पॉवर काढली, आणि एका मुलाच्या टी३ टी४ वर २० हर्ट्झच्या वर जबरदस्त पॉवर आली. मी ती स्लाइडवर घातली, त्यावर दोन आठवडे विचार केला, काय असेल, औषधाचा परिणाम असेल का. शेवटी मूळ फाइल उघडली तर टेक्निशियनताईंनी तिथेच लिहून ठेवलेलं होतं, बाळ बिस्किट खातंय. जबड्याचे स्नायू. लाटांमध्येही स्पष्ट दिसत होतं, दाट काळी झुडपं, थोडा वेळ, मग शांत, मग परत. मी लाटा बघितल्याच नव्हत्या आणि नोंद सीएसव्हीत आलीच नव्हती. त्या ताईंनी हातात बाळ, आई आणि वायरी सांभाळत ती ओळ टाइप केली होती, आणि मी ती फेकून दिली होती, ते अजून मनाला लागतं. तेव्हापासून फाइल उघडली की मी पहिल्यांदा ॲनोटेशन्स म्हणजे या नोंदी छापून वाचते. डोळे उघडे, डोळे मिटले, हायपरव्हेंटिलेशन (जोरजोरात श्वास घेणं) सुरू, फोटिक, खोकला, झोप. हायपरव्हेंटिलेशनमध्ये मुलांच्या लाटा मंद आणि मोठ्या होतात, ते नॉर्मल आहे, ही नोंद नसेल तर तू त्याला आजार समजशील.

नोंदी आल्या की मग डोळ्यांनी वाच, पहिली दहा पानं तरी. डोळ्यांची मिचकावणी एफपी१ एफपी२ वर सगळ्यात मोठी आणि मागे जाता जाता विरते. इथे दिशाही तपास: क्लिनिकल ईईजीत निगेटिव्ह वर काढायची पद्धत आहे आणि एमएनईत पॉझिटिव्ह वर, त्यामुळे रेफरन्शियलमध्ये मिचकावणी तुला वर जाताना दिसेल आणि डॉक्टरांच्या स्क्रीनवर खाली, स्पाइकचंही (फिट्सच्या आजारात दिसणारी टोकदार लाट) तेच उलटं. हे माहीत नसताना डॉक्टरांशी बोलायला बसलं की दोघंही गोंधळतात. एकच इलेक्ट्रोड मधूनच उडी मारत असेल आणि शेजारी कोणालाच काही नाही, तर तो इलेक्ट्रोड सुटलाय, नावावर क्लिक करून बॅड कर. केसांना तेल लावून आलेल्या पेशंटची इम्पीडन्स (कातडी आणि इलेक्ट्रोडमधला विजेला होणारा विरोध) कमी होता होत नाही, म्हणूनच आदल्या दिवशी केस धुवून या असं सांगतात, आणि मे महिन्यात एसी बंद पडला की घामामुळे बेसलाइन सगळ्या चॅनेलवर संथ लाटेसारखी हेलकावते, ती मेंदूची मंद डेल्टा लय नव्हे.

स्वतःच्या फाइलवर हे शिकू नकोस मात्र, तिथलं खरं उत्तर तुला ठाऊक नाही. ज्याचं उत्तर माहीत आहे अशा फाइलवर शीक. फिझिओनेट या खुल्या डेटाच्या साइटवर मोटर मूव्हमेंट इमेजरीचा डेटासेट आहे, १०९ जण, ६४ चॅनेल, सेकंदाला १६० सॅम्पल, प्रत्येकाच्या १४ रन, आणि एमएनईत तो उतरवून घ्यायची सोय आधीच आहे, ईईजीबीसीआय या नावाने. पहिली रन एक मिनिट डोळे उघडे, दुसरी एक मिनिट डोळे मिटलेले. ईईजी माणसावर पहिल्यांदा घेतला तो हान्स बर्गर यांनी, जर्मनीत येना इथे १९२४ मध्ये, १९२९ मध्ये छापला, आणि डोळे मिटल्यावर येणारी आणि उघडल्यावर दबणारी अल्फा लय त्यांनीच दाखवली. तुझी पाइपलाइन बरोबर असेल तर तेच तुला तुझ्या लॅपटॉपवर दिसायला हवं. नावांच्या मागे टिंबं लावलेली आहेत त्या फाइलमध्ये, स्टँडर्डाइज नावाचं फंक्शन ती काढतं. मग ओ१, ओझेड, ओ२ घे, दोन्ही रनचा पॉवर स्पेक्ट्रम वेल्चच्या पद्धतीने काढ, खिडकी दोन सेकंदांची म्हणजे ३२० सॅम्पल, त्यामुळे अर्ध्या अर्ध्या हर्ट्झचे टप्पे मिळतात, आणि दोन्ही एकावर एक काढ. मिटलेल्या डोळ्यांच्या रेषेला ८ ते १३ हर्ट्झमध्ये डोंगर दिसेल. तो मागे ऑक्सिपिटलला न दिसता पुढे कपाळाकडे जास्त दिसला तर चॅनेलची नावं गडबडलीत. भलत्याच हर्ट्झला दिसला तर सॅम्पलिंग रेट चुकलाय. एका चित्रात दोन तपासण्या होतात. काही माणसांची अल्फा मुळातच क्षीण असते, म्हणून एकावर थांबू नकोस, पाचसहा जणांच्या फाइली बघ. आणि हे रेकॉर्डिंग अमेरिकेतलं आहे, तिथे मेन्स ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०, कोड कॉपी करून नॉच लावताना हे लक्षात ठेव. याच डेटासेटच्या नोंदीत टी१ ही खूण (इलेक्ट्रोडचं नाव नव्हे) म्हणजे काही रनमध्ये डावी मूठ आणि काहींमध्ये दोन्ही मुठी, सगळ्या रन आंधळेपणाने जोडल्या तर दोन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली जातात.

ते जमलं की सीएचबी-एमआयटी घे, तेही फिझिओनेटवरच, बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलमधली फिट्सची रेकॉर्डिंग, २५६ सॅम्पल सेकंदाला, बायपोलर चॅनेल. पहिल्या केसची तिसरी फाइल, सीएचबी०१_०३, त्यात फिट २९९६ व्या सेकंदाला सुरू होते आणि ३०३६ ला संपते. प्लॉटला स्टार्ट २९८० दे आणि हळूहळू पुढे सरक. तिथे टी८-पी८ हे नाव दोनदा आहे, एमएनई इशारा देऊन पुढे शून्य आणि एक लावतं, घाबरू नकोस. पी७-टी७ आणि टी७-पी७ हेही दोन्ही आहेत, एक दुसऱ्याचं उलट, प्लॉटमध्ये ते आरशासारखे दिसले की समज चिन्हं बरोबर आली आहेत. ही फाइल डिस्कवर ४२ एमबीची, पण २३ चॅनेल तासभर, प्रत्येक आकडा मेमरीत ८ बाइटचा, म्हणजे लोड केल्यावर १७० एमबी. बारा तासांची रात्रभराची फाइल असती तर २ जीबी. लॅपटॉप अडखळत असेल तर प्रीलोड फॉल्स ठेव आणि क्रॉप करून हवा तेवढाच तुकडा घे. झोपेच्या फाइलीत अजून एक फसवणूक, ईडीएफमध्ये प्रत्येक चॅनेलचा सॅम्पलिंग रेट वेगळा असू शकतो आणि एमएनई सगळ्यांना सगळ्यात जास्तीच्या रेटला ओढतं, सेकंदाला एक सॅम्पलवाला सॅच्युरेशन फुगून बसतो, तो एक्स्क्लूडमध्ये टाक.

ईईजीलॅबबद्दल विचारलंस. बरीच वर्षं लोक त्यावर काम करतायत, मेनूवरून सगळं होतं, बायोसिग प्लगइनने ईडीएफ उघडतं, मॅटलॅबचं लायसन्स कॉलेजमध्ये असेल तर जरूर वापर, लाटा स्क्रोल करत बघायला ते मला आजही सोयीचं वाटतं. तिथे स्केलचा आकडा खिडकीत खाली उजवीकडे असतो आणि डिस्प्ले मेनूत डीसी ऑफसेट काढायची सोय आहे, गिचमिड दिसली की आधी ते कर. पण फोटिकचा चॅनेल तिथेही फोटिकच राहणार आणि बायपोलर एक्सपोर्ट तिथेही बायपोलरच. ब्रेनव्हिजन या दुसऱ्या फॉरमॅटच्या फाइली कधी मिळाल्या तर तीन असतात, व्हीएचडीआर, व्हीएमआरके आणि ईईजी, त्यातल्या एकीचंही नाव बदलू नकोस, हेडरच्या आत बाकी दोघींची नावं लिहिलेली असतात आणि मग ती सापडत नाहीत.

आता तू काय पाठवायचंस ते सांगते. रॉ डॉट इन्फोचं छापील, चॅनेलची पूर्ण यादी, ॲनोटेशन्सची पहिली वीसेक, प्रत्येक चॅनेलचं मायक्रोव्होल्टमधलं स्टँडर्ड डेव्हिएशन, आणि ७५ मायक्रोव्होल्टला काढलेल्या एका पानाचा स्क्रीनशॉट. फाइल पाठवू नकोस. ईडीएफच्या हेडरमध्ये नवव्या बाइटपासून ८० बाइट पेशंटची ओळख साध्या अक्षरांत असते, नोटपॅडमध्ये उघडलं तरी नाव वाचता येतं, आणि टेक्निशियनच्या नोंदीतही कधी नाव येऊन जातं. स्क्रीनशॉट काढतानाही विंडोच्या वर फाइलचं नाव दिसतं, ते पेशंटच्या नावावरून ठेवलेलं असेल तर आधी बदल, मग पाठव.